पहिली कढई

मोहिनीताईंनी जवळची सगळी गावं संपवून टाकली होती. पैठण झालं, खुलताबाद झालं, नेवासा झालं, आणि वाट वाकडी करून पाटोदाही झालं. महिन्यातला एक रविवार धरून भल्या पहाटे मिनीबस सोसायटीच्या फाटकाशी उभी करायची, बायकांना आत बसवायचं, एखाद्या लहानशा गावात नेऊन देऊळ, किल्ला, बाजार असं सगळं दाखवायचं आणि रात्री जेवायच्या वेळेला परत आणून सोडायचं, हा उद्योग त्यांनी बँकेतून निवृत्त झाल्यापासून मोठ्या निष्ठेने चालवला होता. संभाजीनगरासारख्या शहरात राहून बायका नुसत्या लिफ्टने वर-खाली करतात, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक गाव त्यांना 'गोड' वाटायचं. ज्या गावात उभं राहायला सावली मिळाली नाही, तेही गोडच.

दिवाळीच्या आधीच्या सहलीसाठी त्यांनी ग्रुपवर किल्ल्याचा एक फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'धारूर. बालाघाटातलं गोड गाव. लांब आहे, पण सीताफळांसाठी जायलाच हवं.' विजयमालेने ते वाचलं आणि निवडायला घेतलेली मेथी तशीच पुढ्यात राहिली. धारूर तिचं माहेर होतं. सोसायटीत हे कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच तर ती 'बीडकडचं' एवढंच सांगायची, कारण गावाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, आणि तिला तो नको होता. माहेरी गेल्याला तिला पाच-सहा वर्षं झाली होती.

याला कारण काय म्हणाल, तर मुराळी. सासरी असलेल्या लेकीने सणाला माहेरी आपलं आपण जायचं नसतं, तिला न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं. तो मुराळी, आणि त्याचं येणं म्हणजे मूळ. आता हे कोण पाळतं म्हणा. हल्लीच्या लेकी गाडी काढतात आणि थेट आईच्या दारात हॉर्न वाजवतात. पण विजयमालेच्या माहेरची रीत पक्की होती. तिचं लग्न झालं तेव्हापासून दर दिवाळीला तिच्या पाठचा भाऊ, अभिमन्यू, एसटीने यायचा. खांद्याला पिशवी, हातात धुवट फडक्यात बांधलेली शिदोरी, आणि शिदोरीत आईच्या हातच्या करंज्या. एक रात्र मुक्काम, दाजींशी पाऊसपाण्याच्या गप्पा, आणि सकाळी अक्काला घेऊन परत. बीडच्या स्टँडवर गाडी बदलताना तो तिला बाकावर बसवायचा आणि धारूरच्या गाडीच्या खिडकीतून रुमाल टाकून तिच्यासाठी जागा धरायचा. रुमालावरून त्याची दरवर्षी कुणाशी तरी हुज्जत व्हायची आणि दरवर्षी जागा अक्कालाच मिळायची. पुढे तिची मुलं मोठी झाली, घरी चारचाकी आली, तरी तो मुळाला येतच राहिला, आणि तीही चारचाकी घरी ठेवून त्याच्यामागे एसटीत चढत राहिली. विठ्ठलराव, तिचे यजमान, खिडकीतून बघून हसायचे. हसोत बापडे. त्या खडखडत्या गाडीत भावाशेजारी बसल्यावर तिला जे वाटायचं, ते तिला स्वतःच्या गाडीत कधी वाटलं नाही.

मग आई गेली. कौशल्याबाई गेल्या त्या भाद्रपदात, त्यामुळे त्या वर्षी सण नव्हताच. त्या घरची आणखी एक रीत होती. घरचं माणूस गेलं की वर्षभर तळण करायचं नाही, आणि वर्ष फिरलं की घरच्या लेकीने येऊन पहिली कढई चढवायची, मग घर सणाला मोकळं होतं. वर्षश्राद्धाला विजयमाला आपली आपण गेली. दुःखाच्या घरी जायला बोलावणं लागत नाही. त्यानंतर दिवाळी आली. पहिली कढई आपल्यालाच चढवायची आहे हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने बॅग भरली आणि मुराळ्याची वाट बघत बसली. वसुबारस गेली, लक्ष्मीपूजन गेलं. अभिमन्यू आला नाही. भाऊबीज टळली तेव्हा तिने बॅगेतल्या साड्या परत कपाटात लावल्या आणि मनाशी धरून चालली, की वनमालेने, म्हणजे भावजयीने, कढई चढवून घेतली असणार. आई गेली, आता लेकीचं त्या घरात काय काम. तिला फार लागलं ते. त्या रात्री ती जेवली नाही आणि विठ्ठलरावांना पित्त झालंय म्हणून सांगितलं.

एक फोन केला असता तर भागलं असतं, हे तुम्हाला-आम्हाला कळतं. पण मानाची गोष्ट मागून घेतली की तिच्यात मान उरत नाही, असं तिचं मत होतं, आणि मत बदलणं हे कौशल्याबाईंच्या लेकरांच्या रक्तात नव्हतं. राखी ती पोस्टाने पाठवायची. पोचली म्हणून अभिमन्यू फोन करायचा. बरं हाय का अक्का, बरं हाय, पोरं कशी हायत, बरी हायत. एवढं झालं की कुणीतरी ठेवतो म्हणायचं.

तर अशा माणसाने धारूरच्या सहलीला नाव नोंदवायचं म्हणजे आधी स्वतःशीच भांडायला हवं. विजयमालेने ते दोन दिवस केलं आणि शेवटी निवाडा दिला, की सहलीला जाणं म्हणजे माहेरी जाणं नव्हे. किल्ला सगळ्यांचा आहे, घाट सगळ्यांचा आहे. तिला एकदा ते गाव बघायचं होतं, बस्स. आणि जमलंच तर गल्लीच्या तोंडाशी क्षणभर उभं राहून भाऊ लांबून दिसतो का, एवढंच. विठ्ठलरावांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जा. भावाच्या दारावरून शहरातली पाहुणी म्हणून चालत जा. छान दिसेल." तिने त्यांच्यासाठी डबा कारल्याचा करून ठेवला.

बस बीड सोडून तेलगावकडे निघाली तेव्हा ऊन वर आलं होतं. घाट सुरू झाला आणि मोहिनीताईंनी माईक हातात घेतला. त्या फोनवर बघून इतिहास सांगत होत्या आणि बायका डोंगराचे फोटो काढत होत्या. समोरून ऊसतोडीला निघालेल्या टोळीचा एक ट्रॅक्टर उतरत होता, वर बाज, भांडी, कोंबड्या आणि माणसं एकमेकांना धरून बसलेली. बायकांनी त्याचाही फोटो काढला. विजयमालेने मात्र ओळखीचा चेहरा दिसतो का ते पाहिलं. मग वळणावर डाव्या अंगाला किल्ल्याची भिंत दिसली आणि तिने नकळत पायाशी ठेवलेली पिशवी मांडीवर घेतली. या वळणावर अभिमन्यू दरवर्षी सांगायचा, अक्का, आलं बरं का, तयार ऱ्हा. गाव अजून बरंच पुढे असायचं, पण तो तेव्हापासूनच उठून उभा राहायचा. तिच्या शेजारच्या बाईने विचारलं, इतक्यात उतरायचंय का? विजयमाला नाही म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. तिचे डोळे भरले होते.

आधी बाजारात खव्यासाठी गाडी थांबली. धारूरला येऊन खवा घेतला नाही असं सांगायची सोयच नव्हती, मोहिनीताईंनी तसं बजावलंच होतं. मग किल्ला. बायका दरवाजातून आत शिरल्या तेव्हा विजयमाला सगळ्यांच्या मागे राहिली. या दगडांवरून ती आणि अभिमन्यू सीताफळं काढायला पळायचे. डोळे उघडलेलं फळ शोधायला तो पटाईत होता. कच्ची फळं तो ज्वारीच्या कणगीत पुरून ठेवायचा आणि कुठे पुरलीत ते विसरायचा, मग दळणाला ज्वारी काढताना आईच्या हाताला पिकलेला गर लागायचा आणि मार दोघांना बसायचा. खरं तर दोष त्याचा असायचा. पण तो मार खाताना तिच्यामागे लपायचा, आणि ती त्याला लपू द्यायची.

परत निघताना दरवाजाच्या सावलीत एक म्हातारी सीताफळांची पाटी मांडून बसलेली होती. मोहिनीताई वाकून एकेक फळ दाबून बघू लागल्या आणि मावशी गोड आहेत का म्हणून विचारू लागल्या. म्हातारीचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ती त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होती.

"माला न्हवं का तू?" ती म्हणाली. "कौशल्येची?"

ती केसरबाई होती, माहेरच्या घराला भिंत लागून जिचं घर, ती. आता लपवायला काही उरलं नाही. विजयमाला पुढे झाली, पाया पडली. मोहिनीताईंच्या हातातलं सीताफळ हातातच राहिलं. केसरबाईने तिला पाटीजवळ बसवून घेतलं, तोंडावरून हात फिरवला, आणि मग एकदम तिचा आवाज बदलला.

"कावून आलीस गं अशी? पाव्हन्यावानी?"

विजयमाला खाली बघून म्हणाली, मुळाला कुणी आलं नाही, तर कशी येऊ. केसरबाई तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने जे सांगितलं ते सावकाश सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं.

"माय, तुज्या भावाच्या घरी अजून कढई चढली न्हाई. दर दिवाळीला आमीच शेजारच्या बायका फराळाचं ताट नेऊन देताव. मी किती बार म्हनलं, अभिमन्यू, बायकूला सांग, चढवू दे. तर म्हनतो, मायच्या मागची पह्यली कढई लेकीची. दुःखाच्या घरी मूळ धाडतेत का? अक्का आपल्या पायानं यील."

विजयमालेला आधी काही कळेना, आणि मग सगळंच एकदम कळलं. तिने ती दिवाळी सण म्हणून धरली होती, सणाला मुराळी लागतो. त्याने तीच दिवाळी दुखवट्याचा शेवट म्हणून धरली होती, दुःखाला बोलावणं नसतं. दोघंही रीतीला धरून होते. तसूभरही कुणी चुकलं नव्हतं, आणि या न चुकण्यापायी त्या घरात इतकी वर्षं करंजी तळली गेली नव्हती. आपल्या वाटेकडे डोळे लावून एक घर बिनातळणाचं बसलंय आणि आपण इकडे दरवर्षी रुसून चकल्या विकत आणतोय, हे मनात आलं तशी तिला स्वतःची अशी लाज वाटली की तिथेच पदर तोंडाला लावून ती रडली. केसरबाईने रडू दिलं. मोहिनीताईंनी हातातलं सीताफळ हळूच पाटीत परत ठेवलं.

डोळे पुसून विजयमालेने त्यांना सांगितलं, की हे माझं माहेर आहे, मी घरी जाऊन येते, तुम्ही जेवून घ्या. मोहिनीताईंनी मान डोलावली. ती निघाली. बाजाराची दुकानं बदलली होती, गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला होता, पण पाय बरोबर वळत होते. आता मुराळी नाही, शिदोरी नाही, आणि आपण चालत माहेरी निघालो आहोत, याचं तिला काहीच वाटत नव्हतं. भाऊ दारात भेटला तर आधी त्याच्यावर ओरडायचं की आधी रडायचं, एवढंच ठरत नव्हतं.

दारात वनमाला ज्वारी पाखडत होती. तिने वर पाहिलं, सूप खाली ठेवलं, लगबगीने उठून पदर सारखा केला आणि विजयमालेच्या मागे गल्लीत नजर टाकली.

"या वन्सं. अन् हे कुठं राह्यले? स्टँडवरच थांबले का?"

कोण हे, विजयमालेने विचारलं. वनमाला गोंधळली. तेवढ्यात आतून शिवकन्या आली, अभिमन्यूची लेक. अंगाने भरली होती, आजीसारखीच कपाळाला आठी घालून बघत होती. आत्या, असं म्हणून ती गळ्यात पडली आणि मग मायलेकींनी मिळून सांगितलं ते असं. शिवकन्येचं लग्न जमलं होतं, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरली होती. कढई चढल्याशिवाय लग्नाचं तळण कसं करायचं? अभिमन्यूने आठ दिवस तोंडातून शब्द काढला नाही. काल रात्री त्याने वनमालेला धपाटे करायला सांगितलं, आणि आज पहाटेच्या पहिल्या एसटीने तो संभाजीनगरला गेला. मुळाला.

विजयमाला उंबऱ्यावरच बसली. म्हणजे बीडच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी त्याची एसटी आणि तिची मिनीबस एकमेकींना ओलांडून गेल्या होत्या. ती खिडकीला डोकं टेकून त्याचीच आठवण काढत बसली असणार, आणि तो पलीकडच्या गाडीत शिदोरी मांडीवर घेऊन. तिला हसू फुटलं. वनमालाही हसायला लागली, मग दोघी हसता हसता रडल्या, आणि शिवकन्या दोघींसाठी पाणी घेऊन उभी राहिली.

पाणी पिऊन होतंय तोवर फोन वाजला. विठ्ठलराव होते. इतकी वर्षं बायकोची चेष्टा करणारा माणूस, पण आज आवाज जरा निराळा होता. तुझा मुराळी येऊन बसलाय, ते म्हणाले. त्याला तू सहलीला गेलीस म्हणून सांगितलं, कुठं ते त्याने विचारलं, धारूर म्हटल्यावर मटकन खाली बसला. शिदोरी सोडलीय, त्यात नुसते धपाटे आहेत, शेंगदाण्याची चटणी आहे. पूर्वीसारख्या करंज्या कशा नाहीत म्हणून विचारलं तर धपाटेच पुढे सरकवतो. विजयमाला म्हणाली, त्याच्याकडे द्या.

अभिमन्यूने फोन घेतला.

"अक्का, मी मुळाला आलतो."

"कळलं."

"मला वाटलं, तू आपल्या पायानं येशील. लई वाट बघितली."

"आले की आता," ती म्हणाली. "उशीर झाला, पण आले."

तिने विचारलं, तू येईपर्यंत थांबू का. तो म्हणाला, नगं. आईची कढई फळीवर हाय, गोणपाटात बांधून ठेवलीय. आजच चढव.

शिवकन्येने स्टुलावर चढून ते गाठोडं खाली काढलं. लोखंडी कढई, दोन कानांची, बुडाशी वर्षानुवर्षांची काळी पुटं. वनमालेने ती राखेने घासली, विजयमालेने पुसून कोरडी केली आणि काठाला हळदीकुंकू लावलं. पीठ मळायला घेतलं तोवर दारात गलका झाला. मोहिनीताई अख्खी सहल घेऊन आल्या होत्या, आणि वाट दाखवायला पुढे केसरबाई. बस थांबवून ठेवलीय, सावकाश होऊ द्या, असं त्यांनी सांगितलं. मग करंजीत भरायला काय आहे म्हणून विचारलं. घरात नुसता गूळ आणि थोडं खोबरं होतं. तेव्हा बायकांनी पिशव्या उघडल्या आणि धारूरच्या बाजारातला खवा धारूरच्याच घरात परत आला. कुणी पोळपाट घेतला, कुणी मुरड घालायला बसलं. मोहिनीताईंची मुरड सुटत होती, ती केसरबाईने दोनदा काढून घेऊन पुन्हा घातली. किती गोड घर आहे, असं मोहिनीताई कुणाला तरी हळूच म्हणाल्या, आणि आज पहिल्यांदाच विजयमालेला त्या शब्दाचा राग आला नाही.

तेल तापायला ठेवलं. आई तळण करायला बसली की पोरांना कढईकडे बघू द्यायची नाही, नजर लागते म्हणायची. म्हणून अभिमन्यू चुलीकडे पाठ करून बसायचा आणि कान लावायचा. आई कणकेचा बारका गोळा तेलात सोडायची आणि त्याला विचारायची. त्याने सांगितल्याशिवाय पहिली करंजी आत पडायची नाही, असा त्या घरातला त्याचा मान होता. विजयमालेने शिवकन्येला फोन लावायला सांगितला आणि कढईजवळ धरायला लावला. अभिमन्यू, ऐक, एवढंच म्हणून तिने कणकेचा गोळा तेलात सोडला. तो तळाशी गेला, वर आला आणि चुरचुरायला लागला. बायका बोलायच्या थांबल्या.

"बोललं का रे तेल?" तिने विचारलं.

शिवकन्येने फोन आणखी जवळ धरला. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि त्यामागून भावाचा.

"बोललं, अक्का."

तिने पहिली करंजी तेलात सोडली.